मल्गावेलमधलं दुसरं दुकान

कॉनरॅड तुस्कानोने चौपन्न वर्षांत कुणापुढे हात पसरले नव्हते. सत्त्याण्णव साली पहिल्यांदा पसरले, तेव्हा त्या हातांवर एकोणीस पानांचा फॉर्म येऊन पडला, आणि तो काळ्या शाईनेच भरायचा होता.

मल्गावेल हे गाव नकाशात आहे, पण नेमकं घडीवर आल्यामुळे बहुतेकांच्या नकाशातून ते झिजून गेलेलं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीपासून ऐंशी किलोमीटर. वस्ती एकशे चौदा. एक बंद पडलेली शाळा, एक बंद पडलेला पब, एक टेनिस कोर्ट, ज्यावर गेली सहा वर्षं फक्त कांगारू उतरतात, आणि चालू स्थितीतली एकच गोष्ट, ती म्हणजे कॉनरॅडचं दुकान. पाव, दूध, पेट्रोल, पोस्टाची तिकिटं, खिळे, डोकेदुखीच्या गोळ्या, सगळं तिथेच. खाणीतली फिटरची नोकरी सुटल्यावर त्याने ते घेतलं, तेव्हा गावात माणसं होती. मग सोन्याचा भाव पडला, माणसं पांगली, आणि उरली ती एक्याऐंशी वर्षांच्या बेव्हबाईंसारखी, ज्यांना दुसरीकडे जायला जागाही नव्हती आणि इच्छाही नव्हती.

अशा वेळी शायरला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, सगळ्या मालमत्तांचं नव्याने मोल ठरवायची बुद्धी झाली. दुकानाचे रेट्स एकदम दुप्पट झाले. रेट्स म्हणजे आपली घरपट्टीच, फक्त पत्राच्या शेवटी आभार मानलेले असतात. कॉनरॅडने आकडे एकदाच मांडले, कारण दुसऱ्यांदा मांडायचा धीर नव्हता. जूनअखेरपर्यंत काही झालं नाही तर दुकानाला टाळं. मग बेव्हबाईंनी दुधाच्या बाटलीसाठी ऐंशी किलोमीटर जायचं, तेही कशाने, तर त्यांच्या चाकाच्या पिशवीसकट पायी.

पण त्याच पाकिटात एक गुलाबी पत्रक होतं. ते त्याच्या बायकोने, ज्युलियानाने वाचलं. कॉनरॅडच्या घरात आलेला कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचायचं काम तिचंच.

"'गावातलं एकमेव दुकान टिकावं म्हणून रेट्समध्ये निम्मी सवलत,'" ती म्हणाली. "कॉनरॅड, हे आपल्यासाठीच लिहिलंय."

"मी भीक मागणार नाही."

"भीक नाही रे, अर्ज आहे. भिकेला एकोणीस पानं नसतात."

ही ज्युलियाना वसईकडच्या निर्मळची. तिकडे शाळेत शिकवायची. कालगुर्लीत आल्यावर तिचं बी.एड. कुणी जमेस धरेना, तेव्हा तिने हॉस्पिटलात अकरा वर्षं वॉर्ड पुसले, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मल्गावेलला आल्यावर तिने तिथलं ऊन पाहिलं. असलं कोरडं ऊन वसईकरणीच्या डोळ्यांना दिसलं की तिला एकच गोष्ट सुचते. तिने कार्नार्वनहून ट्रकने येणारी केळी सोलून, चटयांवर पसरून, वर जुनी मच्छरदाणी ताणून सुकेळी घातली. वसईत ज्याला आठवडा लागतो ते इथे तीन दिवसांत झालं. राजेळी केळ्यांची सर नाही, असं ती स्वतःच प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, पण ट्रकवाल्यांनी राजेळी केळी कुठे बघितली होती? ते चारशे किलोमीटरवरून येऊन थांबायला लागले.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा कॉनरॅडने दुकानाच्या बाजूच्या भिंतीत तिच्यासाठी एक खिडकी पाडली आणि वर स्वतः रंगवलेली पाटी लावली: 'ज्युलियानाज सुकेळी. मालक: जे. तुस्कानो'. एवढ्यावर थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण त्याने शायरच्या ऑफिसात जाऊन खिडकीची तिच्या नावाने रीतसर नोंदणी केली आणि ते सर्टिफिकेट फ्रेम करून तिला भेट दिलं. इतर नवरे अशा वेळी कानातले देतात आणि सुखात राहतात.

तर फॉर्म. पहिल्या चार पानांवर नाव, गाव, पत्ता. पाचव्या पानावर घोडं अडलं. 'आपला व्यवसाय कोणत्या प्रकारे डबघाईला आला आहे, ते सविस्तर लिहा.' खाली पंधरा ओळी.

आता वसईच्या माणसाला कुणी 'धंदा कसा आहे' असं विचारलं, तर त्याच्या तोंडून एकच उत्तर निघतं. घर जळत असलं तरी निघतं. कॉनरॅडने काळ्या शाईने, वळणदार अक्षरात, इंग्रजीत लिहिलं: 'देवाच्या कृपेने बरं चाललं आहे.' उरलेल्या चौदा ओळींवर त्याने नम्रपणे आडवी रेघ मारली.

ते वाचून ज्युलियाना म्हणाली, "हा सवलतीचा अर्ज आहे की नाताळचं कार्ड?"

दुसरा फॉर्म आणायला शायरचं ऑफिस गाठायचं, म्हणजे कालगुर्लीच्या उलट्या दिशेला नव्वद किलोमीटर. तिथल्या चौकशीच्या खिडकीवर कॅरेन नावाची बाई होती. ती सगळ्यांना 'लव्ह' म्हणायची आणि कुणाचंच काम करायची नाही. तिने नवा फॉर्म दिला, आणि वर एक शपथपत्र जोडायला सांगितलं की हे गावातलं एकमेव दुकान आहे.

"सही साक्षीदारासमोर करा हं, लव्ह. लांब जायला नको. तुमच्या गावच्या पोस्टमास्तरांची चालेल."

"गावचा पोस्टमास्तर मीच आहे."

"मग झालंच की!"

"पण शपथही माझीच आहे."

कॅरेनने थोडा विचार केला. "मग तुम्हाला तुमच्यासमोर सही करता येणार नाही," ती म्हणाली, जणू कॉनरॅडच तसा हट्ट धरून बसला होता. म्हणून पुन्हा ऐंशी किलोमीटर कालगुर्लीला, तिथल्या पोस्टमास्तरांकडे. सवलतीसाठी जाळलेल्या पेट्रोलचा हिशेब त्याने ठेवला नाही. ठेवला असता तर पाचव्या पानावरच्या पंधरा ओळी आपोआप भरल्या असत्या.

त्या ओळी शेवटी संजीवने भरल्या. संजीव कालगुर्लीच्या खाणीत इंजिनियर. मूळचा पुण्याचा, त्यामुळे कुठल्याही विषयात त्याला गती होती, आणि ज्या विषयात नव्हती त्यात जरा जास्तच होती. दर रविवारी तो मल्गावेलला यायचा, फुकट चहा प्यायचा आणि फुकट सल्ला द्यायचा, म्हणजे फिटंफाट.

"हे बघ कॉनरॅड, तू अगदी चुकीच्या लाईनवर आहेस," संजीव म्हणाला. "गव्हर्नमेंटला दया यायला पाहिजे. लिही, 'रोज दुकान उघडताना माझे हात थरथरतात.'"

"माझे हात थरथरत नाहीत."

"अरे, लिहायला काय जातंय? आणि इन्स्पेक्टर येईल ना, तेव्हा तू जास्त बोलू नकोस. मान खाली. दाढी दोन दिवसांची. शेल्फं अर्धी रिकामी. कळलं का?"

"आणि इन्स्पेक्टर आल्यावर दुकानात घाण ठेवायची का?" ज्युलियानाने आतून विचारलं.

"वहिनी, घाण नाही. अवकळा."

"माझ्या घरी माणूस येणार आणि मी अवकळा दाखवू? हे नाही व्हायचं."

इन्स्पेक्टर मंगळवारी येणार असल्याचं पत्र आलं. कॉनरॅडच्या घरात तेव्हापासून दोन पक्ष पडले. संजीवने सुट्टी काढून सोमवारीच मुक्काम ठोकला आणि शेल्फांवरचे निम्मे डबे बेव्हबाईंच्या गॅरेजमध्ये नेऊन लपवले. रिकामी झालेली शेल्फं ज्युलियानाने सोडा लावून घासली, आणि ती इतकी चकचकीत झाली की त्यांच्यात तोंड दिसायला लागलं. लादीवर तीनदा पोछा मारला. काउंटरवर फुलं ठेवली. कॉनरॅडने दाढी वाढवायला घेतली होती, ती मंगळवारी सकाळी तिने उभं राहून करायला लावली, आणि वर त्याला चर्चचा शर्ट घालायला दिला. तो ना इकडचा ना तिकडचा, असा काउंटरमागे जाऊन बसला.

अकरा वाजता इन्स्पेक्टर केव्हिन डूली आले. उंच, उन्हाने रापलेले, हातात मोजपट्टी, अगदी साधा माणूस. आणि ते दारात पाऊल टाकतात तोच, गाव आलं.

हे बेव्हबाईंचं काम. त्यांनी स्वतःच्या डोक्याने ठरवलं होतं की दुकानाची गावाला किती गरज आहे, हे साहेबांना दिसलं पाहिजे. त्यांनी घरोघर फोन केले होते. एकशे चौदातले साठ-सत्तर लोक, ज्यातले निम्मे एरवी महिन्यातून एकदा कालगुर्लीच्या मोठ्या सुपरमार्केटात सामान भरत, ते एकाच वेळी दुकानात घुसले. कुणी पाव घेतंय, कुणी खिळे घेतंय, एक म्हातारा गेल्या वर्षीचं कॅलेंडर घेतोय. काउंटरपासून पंपापर्यंत रांग लागली.

डूलीसाहेबांनी रांग पाहिली. मग रिकामी शेल्फं पाहिली. मग वहीत लिहिलं आणि कॉनरॅडचा हात जोरात हलवला.

"कमाल आहे, मेट! इतका खप, की माल शेल्फावर टिकतच नाही!"

संजीवने कपाळावर हात मारला. कॉनरॅडला मात्र, देवाशपथ, क्षणभर बरं वाटलं. सहा वर्षांत दुकानाला कुणी असं म्हटलं नव्हतं. पण लगेच त्याला रेट्सचं पत्र आठवलं आणि त्याने मान खाली घातली.

तरीही डूली सरळ माणूस होता. गर्दी ओसरल्यावर त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, विजेची बिलं पाहिली, आणि बेव्हबाईंनी गॅरेजमधल्या डब्यांचं खरं काय ते सांगून टाकलं तेव्हा पोट धरून हसला. अशा नाटकात एक माणूस नेहमी खरं बोलणारा निघतोच. "खप वगैरे जाऊ दे," डूली म्हणाला. "नियम एवढाच विचारतो की गावात दुसरं दुकान आहे का. दुसरं नाही, म्हणजे तुम्ही नियमात बसता." त्याने पेन काढलं. खूण करायचा चौकोन समोर होता. पेनाचं टोक त्या चौकोनापासून दोन बोटं वर होतं, हे कॉनरॅड पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना दोन बोटं दाखवून सांगत असे.

आणि ज्युलियाना म्हणाली, "आधी जेवून घ्या. कागद काय पळून जातोय?"

घरी आलेला माणूस दुपारच्या वेळी न जेवता गेला, असं तिच्या माहेरी कधी झालं नव्हतं. डूलीसाहेबांनी कोंबडीचं सुकं खाल्लं, तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या, घाम पुसत पुसत पुन्हा मागून खाल्ल्या. शेवटी तिने बशीत सुकेळी ठेवली. साहेबांनी एक तोंडात टाकलं आणि चावायचे थांबले.

"हे काय आहे?"

बस. इथे कॉनरॅडचा तोल गेला. दाढी केल्यापासून, मान खाली घातल्यापासून, 'डबघाईला' हा शब्द स्वतःच्या नावापुढे वाचल्यापासून त्याच्या आत जे दबलं होतं, ते एकदम वर आलं. या घरात डबघाईला न आलेलं काहीतरी आहे, हे या माणसाला दाखवलंच पाहिजे.

"हे माझ्या बायकोचं आहे," तो उठून म्हणाला. "असं काय विचारता, या, दाखवतो." आणि संजीव टेबलाखालून लाथा मारत असताना तो साहेबांना हाताला धरून बाहेर घेऊन गेला. खिडकी दाखवली. पाटी दाखवली. मच्छरदाणीखालची केळी दाखवली. एवढ्यावर भागेना, म्हणून आतून फ्रेम काढून आणली आणि शर्टाच्या बाहीने पुसून त्यांच्या हातात दिली.

"बघा! वेगळी नोंदणी. तुमच्याच ऑफिसची. सगळा कारभार स्वतंत्र. माझा एक पैशाचा संबंध नाही!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच. डूलीने सर्टिफिकेट वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा खरोखरच पडला.

"मेट," तो हळूच म्हणाला, "हे तर दुसरं दुकान झालं."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. पोस्टमास्तर म्हणून कॉनरॅडनेच ते पिशवीतून काढलं आणि मालक म्हणून स्वतःच्या हातात ठेवलं. मल्गावेलमध्ये एकाहून अधिक दुकानं असल्यामुळे, तिथल्या नागरिकांना खरेदीसाठी पर्याय उपलब्ध आहे, सबब अर्ज नामंजूर. म्हणजे शायरच्या दप्तरी कॉनरॅड आणि ज्युलियाना हे एका छपराखाली राहणारे प्रतिस्पर्धी व्यापारी होते. खाली एक ओळ अशीही होती की दोहोंपैकी एक दुकान अठ्ठावीस दिवसांच्या आत कायमचं बंद झाल्यास उरलेल्या दुकानाला नव्याने अर्ज करता येईल.

कॉनरॅडने कॅरेनला फोन केला.

"अगदी सोपं आहे, लव्ह," कॅरेन म्हणाली. "तिचं काढून टाका. खिडकीच तर आहे."

संजीवचंही तेच. "अरे, नुसती फॉर्मॅलिटी! पाटी उतरव, सर्टिफिकेट परत कर, सुकेळी तुझ्या काउंटरवर ठेव. वहिनींना काय फरक पडतोय?" बेव्हबाईही म्हणाल्या, "कॉन, लव्ह, एवढी काय ती पाटी." सगळं गाव म्हणालं. गावाचं चुकतही नव्हतं, कारण दूध गावाचं होतं.

ज्युलियाना काहीच म्हणाली नाही. ती अकरा वर्षं जशी काही म्हणाली नव्हती, तशीच.

पुढल्या शनिवारी सकाळी कॉनरॅडने शिडी काढली. बाजूच्या भिंतीला लावली, खिशात स्क्रू ड्रायव्हर घातला आणि चढला. ज्युलियाना बाहेर आली आणि तिने खालून शिडी घट्ट धरली.

"कशाला धरतेस?" तो म्हणाला.

"पडशील. उतरव ना लवकर. अकराचा ट्रक यायचाय."

पाटीला चार स्क्रू होते. त्याने डावीकडचे दोन काढले. पाटी एका बाजूने लोंबली आणि तिच्यावरची तीन वर्षांची लाल धूळ खाली ज्युलियानाच्या केसांवर पडली. तिने ती झटकली नाही. दोन्ही हातांनी शिडी धरलेली होती. वरून कॉनरॅडला फक्त तिच्या डोक्यावरचा तो लाल पट्टा दिसला, आणि त्याला हॉस्पिटलचा मागचा दरवाजा आठवला, जिथे तो तिला शिफ्ट सुटल्यावर आणायला जायचा. अकरा वर्षांत तिच्या छातीवर हॉस्पिटलने नुसतं 'क्लीनर' एवढंच लावलं होतं, नाव नाही. तिचं नाव या देशात पहिल्यांदा लिहिलं गेलं ते या फळीवर, आणि ते त्याने लिहिलं होतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की शिडीवरच त्याचे हात थरथरले. संजीवने फॉर्ममध्ये लिहिलेलं अखेर खरं ठरलं.

त्याने दोन्ही स्क्रू परत बसवले आणि खाली उतरला.

"नाही उतरवत जा," तो म्हणाला. "दुकान गेलं खड्ड्यात. तुझी पाटी कुणाच्या बापालाही उतरवता यायची नाही."

"आणि बेव्हबाईंचं दूध?"

त्याने शिडी उचलून खांद्यावर टाकली. त्याच्याजवळ राग भरपूर होता, आणि राग पुरेसा असला की काही माणसं उत्तराची वाट बघत नाहीत.

शायरची सभा दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी दुपारी दोन वाजता भरते. सुरुवातीला पंधरा मिनिटं नागरिकांचे प्रश्न. एरवी प्रश्न म्हणजे कुणाचा तरी कुत्रा आणि कुणाचा तरी खड्डा. त्या गुरुवारी संजीवच्या गाडीतून आणि आणखी चार गाड्यांतून मल्गावेल नव्वद किलोमीटर गेलं. बेव्हबाई पहिल्या रांगेत चाकाची पिशवी घेऊन बसल्या. कॉनरॅडने चर्चचा शर्ट घातला होता, पण दाढी मात्र त्याने केली नव्हती. ज्युलियानाला विचारून ठेवली होती, असंही नाही. त्याने विचारलंच नव्हतं.

तो उभा राहिला आणि इंग्रजीत सुरू झाला. "मिस्टर प्रेसिडेंट. आपण म्हणता, मल्गावेलमध्ये दोन दुकानं आहेत. तुम्ही कधी एकमेकांशी स्पर्धा करणारे दोन दुकानदार एकाच ताटात जेवताना पाहिलेत काय?"

"नियम तसाच आहे, मिस्टर तुस्कानो," प्रेसिडेंट म्हणाले. "एक दुकान बंद करा. खिडकी मिटवली की प्रश्न मिटला. त्यात एवढं काय?"

त्या 'एवढं काय'वर कॉनरॅडचं इंग्रजी संपलं. तो पुढची दोन मिनिटं मराठीत बोलला. वसईच्या वाडीत गुरं दुसऱ्याच्या पानमळ्यात शिरल्यावर माणसं जशी मराठी बोलतात, तशी. फळीचं बोलला, वॉर्डांचं बोलला, ज्यांना नियम कळतो पण माणूस कळत नाही त्यांच्या सात पिढ्यांचं बोलला. सभागृहात ते फक्त दोघांना कळत होतं. त्यातला संजीव जमिनीकडे बघत होता, आणि ज्युलियाना मात्र सरळ पुढे बघत होती. सभेच्या इतिवृत्तात नंतर नोंद झाली ती अशी: 'श्री. तुस्कानो परकीय भाषेत बोलले. आशय लक्षात आला.'

दम लागून कॉनरॅड थांबला. त्याला पाणी हवं होतं. कॅरेनने ग्लास पुढे केला, आणि तो पिता पिता त्याची नजर समोरच्या टेबलावरच्या नियमांच्या कागदावर गेली. 'दोहोंपैकी एक दुकान.' त्याने ग्लास खाली ठेवला.

"यात कुठलं ते लिहिलेलं नाही," तो इंग्रजीत म्हणाला.

"म्हणजे?"

"दोनातलं एक. कुठलं, ते नाही. मिस्टर डूली, लिहिलंय का?"

कोपऱ्यात बसलेल्या डूलीने कागद पाहिला. मग हळूहळू त्याच्या रापलेल्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "नाही लिहिलेलं," तो म्हणाला.

"मग लिहून घ्या," कॉनरॅड म्हणाला. "मल्गावेलमधलं माझं दुकान आजपासून कायमचं बंद. राहील ते माझ्या बायकोचं. ती पाव ठेवेल, दूध ठेवेल, पेट्रोल विकेल, सगळं तिच्या खिडकीतून. खिडकी लहान पडली तर भिंत पाडू. भिंत माझीच आहे, तिचे रेट्स मी भरतोय."

सभेत गडबड उडाली. प्रेसिडेंटनी विचारलं, असं करता येतं का. कॅरेनने तीन फायली उघडल्या. डूली म्हणाला, बाईंची नोंदणी तीन वर्षं जुनी आहे, एकही तक्रार नाही, उलट सुकेळी उत्तम आहे. बेव्हबाई उठून म्हणाल्या, "मला दूध हवंय. ते कुणाकडून घ्यायचं ते शायरने शिकवू नये." टाळ्या पडल्या. फक्त एका माणसाला या ठरावाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

"थांबा," ज्युलियाना म्हणाली. ती कॉनरॅडकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "माझ्या दुकानात मला नोकर लागेल."

"मी आहे की."

"तुला अनुभव आहे का?"

"सहा वर्षांचा."

"हो, पण दुकान डबघाईला आणण्याचा," ती म्हणाली. मग सभेकडे वळून शांतपणे, शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "मला मान्य आहे."

त्यानंतरचे अठ्ठावीस दिवस कॉनरॅडच्या मानाला जड गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. बंद दुकानातला सगळा माल ज्युलियानाने विकत घेतला, आणि घासाघीस करून घेतला. टिनच्या डब्यांवरच्या तारखा तिने एकेक करून पाहिल्या आणि अर्धे डबे नापास केले. फॉर्म नव्याने भरला गेला, काळ्या शाईने, तिच्या अक्षरात. 'व्यवसाय कोणत्या प्रकारे डबघाईला आला आहे' याखाली तिने पंधरा ओळींत खरं ते लिहिलं, त्यात ना थरथरणारे हात होते ना देवाची कृपा. 'कर्मचारी किती?' याखाली लिहिलं: 'एक. तीन महिने उमेदवारीवर.' शपथपत्राला साक्षीदार हवा होता. गावचा पोस्टमास्तर आता अर्जदार नव्हता, त्यामुळे या वेळी त्याची सही चालली, आणि त्याने ती आपल्या बायकोकडे ओळखपत्र मागून मगच केली. तेवढा सूड त्याने घेतलाच.

भिंतही पाडली. खिडकीचं दार झालं. पाटी बाजूच्या भिंतीवरून निघाली आणि समोर, पेट्रोलच्या पंपाच्या वर, हायवेवरून दिसेल अशी लागली. संजीव रविवारी आला, पाटीकडे बघून म्हणाला, "हे मी पहिल्याच दिवशी सुचवणार होतो." त्याला चहाचे पैसे पडले. नव्या मालकिणीचा तसा नियमच होता.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात डाकेच्या पिशवीतून शायरचं पाकीट निघालं. 'श्रीमती जे. तुस्कानो, मालक.' दुसऱ्याच्या नावाचं पत्र पोस्टमास्तरला उघडता येत नाही. ज्युलियाना बेव्हबाईंना दूध देत होती, मग त्यांची चाकाची पिशवी भरून देत होती, मग त्यांच्या गुडघ्याचं ऐकून घेत होती. कॉनरॅड पाकीट हातात धरून काउंटरच्या अलीकडच्या बाजूला, गिऱ्हाइकांच्या बाजूला, रांगेत उभा राहिला. त्याच्या पुढे एक ट्रकवालाही होता.

त्याचा नंबर आला तेव्हा तिने पाकीट फोडलं, कागद शेवटपर्यंत वाचला आणि घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला.

"मंजूर," ती म्हणाली.

बेव्हबाई दारात थबकल्या होत्या. त्यांनी चाकाची पिशवी सोडली आणि दोन्ही हात वर केले. कॉनरॅडला काहीतरी मोठं बोलायचं होतं. सभेतल्यासारखं. पण तिच्यापुढे उभा राहिल्यावर त्याला मराठीही सुचेना.

"असा बघत काय उभा राहिलास?" ज्युलियाना म्हणाली. "अकराचा ट्रक येईल. वरची पाटी पुसून काढ. धुळीने नाव दिसत नाही."

तो शिडी घेऊन बाहेर गेला. ती मागोमाग आली आणि तिने खालून शिडी धरली. तो वर चढून ओल्या फडक्याने एकेक अक्षर पुसत असताना ती खालून म्हणाली, "कॉनरॅड, या पाटीला चार स्क्रू होते ना? इथून तर मला सहा दिसतायत."

"सहाच आहेत," तो पुसता पुसता म्हणाला. "आणि वरच्या दोन स्क्रूंच्या खाचा मी घासून टाकल्यात. आता कुणी आला तरी त्याला ते काढता यायचे नाहीत. मलासुद्धा नाही."